अमेरिकेत इमिग्रेशनवाल्यांनी चुकीचं डांबून ठेवलं तर दावा कसा लावायचा

न्यूयॉर्कमध्ये वॉटसन नावाची एक केस झाली होती, ती आधी सांगते, कारण ती ऐकली की खालच्या निम्म्या गोष्टी मी का लिहितेय ते लगेच कळेल. हा माणूस अमेरिकन नागरिक. मे २००८ मध्ये दुसऱ्या एका शिक्षेतून सुटला आणि सुटल्या सुटल्या आईसने, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या सरकारी खात्याने, उचलला. तो पहिल्यापासून सांगत होता की मी सिटिझन आहे, हे वडिलांचं नाव, हा त्यांचा फोन नंबर, विचारा त्यांना. फोन कुणी केलाच नाही. कॉम्प्युटरवर वडिलांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेला भलताच माणूस सापडला, तो नागरिक नव्हता, तेवढ्यावर याला आत ठेवलं ते १,२७३ दिवस. साडेतीन वर्षं! बाहेर आल्यावर त्याने दावा लावला, खालच्या कोर्टाने ८२,५०० डॉलर मंजूर केले, आणि २०१७ मध्ये अपील कोर्टाने तेही रद्द केले कारण दावा करायची दोन वर्षांची मुदत तो आत असतानाच संपून गेली होती. चूक सरकारची होती हे कोर्टाला दिसत होतं, तरी मुदत गेली ती गेलीच.

मी वकील नाही. न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात फाइली लावायचं काम करते, आणि आपल्याकडच्या लोकांचे फोन आले की मराठी बोलणारी मीच असल्याने ते माझ्याकडे येतात. गेल्या वर्षभरात हे फोन खूप वाढलेत आणि बहुतेक जण उशिरा फोन करतात, म्हणजे माणूस सुटून घरी येऊन सहा-आठ महिने झालेले असतात, दुकानाचं फुटेज पुसलं गेलेलं असतं, मनगटावरचे वळ गेलेले असतात आणि मग विचारतात की आता काही करता येईल का. म्हणून क्रमाने सगळं लिहितेय. तुमच्या केससाठी वकील लागेलच, पण वकिलाकडे जाताना हातात काय पाहिजे ते तरी कळेल.

आधी हे ठरवा की दावा कोणावर

सगळ्यांना वाटतं की ज्या ऑफिसरने हात पिरगाळला त्याच्यावरच केस टाकायची. राग तसाच असतो, आणि तो रास्त आहे. पण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, ऑफिसरवर वैयक्तिक दावा हा रस्ता आज जवळपास बंद आहे. १९७१ च्या बिव्हेन्स केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की फेडरल एजंटने राज्यघटना मोडली तर त्याच्याकडून थेट भरपाई मागता येते. त्यानंतर १९७९ आणि १९८० मध्ये आणखी दोन प्रकारच्या केसेसना ती परवानगी दिली आणि तिथेच थांबले. ११ सप्टेंबरनंतर ब्रुकलिनच्या डिटेन्शन सेंटरमध्ये डांबलेल्या लोकांचा दावा २०१७ मध्ये फेटाळला, सीमेपलीकडे मेक्सिकोत उभ्या असलेल्या १५ वर्षांच्या मुलाला बॉर्डर पेट्रोलच्या एजंटने गोळी घातली त्याच्या आईवडिलांचा २०२० मध्ये, आणि २०२२ च्या एगबर्ट केसमध्ये तर वॉशिंग्टन राज्यातल्या एका लॉजमालकाला त्याच्याच अंगणात बॉर्डर पेट्रोलवाल्याने ढकलून पाडलं तरी कोर्ट म्हणालं, दावा चालणार नाही. एगबर्टनंतर इमिग्रेशन ऑफिसरवर बिव्हेन्सचा दावा टिकणं फार फार अवघड झालंय. वकील कधीकधी तरीही तो जोडतात, जोडू देत, पण सगळी आशा त्यावर ठेवू नका.

बरं, राज्याच्या कायद्याखाली मारहाणीची केस त्याच्या नावावर टाकली तर? १९८८ चा वेस्टफॉल कायदा आहे, सरकारी वकील एक सर्टिफिकेट देतात की हा माणूस ड्युटीवर होता, की त्याचं नाव निघतं आणि त्याच्या जागी अमेरिकन सरकार उभं राहतं.

म्हणजे खरा दावा सरकारवरच. त्याचा कायदा म्हणजे फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट, १९४६ चा, सगळे त्याला एफटीसीए म्हणतात. यात १९७४ पर्यंत मोठं भोक होतं, मारहाण, खोटी अटक, बेकायदा डांबणं अशा मुद्दाम केलेल्या गोष्टींसाठी सरकारवर दावाच करता येत नव्हता. १९७३ मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात फेडरल एजंटांनी चुकीच्या घरांत घुसून तिथल्या कुटुंबांना दहशतीत ठेवलं, त्यावर खूप आरडाओरडा झाला आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, दुरुस्ती केली. तेव्हापासून अटक करायचा, झडती घ्यायचा अधिकार असलेल्या फेडरल ऑफिसरांनी असं काही केलं तर सरकार पैसे देणं लागतं. इमिग्रेशन ऑफिसर यात येतात.

स्थानिक पोलीस किंवा काउंटी जेल यात असेल तर मात्र वेगळा आणि जरा बरा रस्ता आहे, त्याच्यावर खाली बोलते. इलिनॉयने डिसेंबर २०२५ मध्ये फेडरल इमिग्रेशन ऑफिसरांवर राज्याच्या कोर्टात दावा करता येईल असा कायदा केलाय, केंद्र सरकारने त्याला आव्हान दिलंय, तुम्ही शिकागोकडचे असाल तर वकिलाला याबद्दल आवर्जून विचारा.

माणूस अजून आत असेल तर

भरपाई नंतर. आधी माणूस बाहेर काढायचा, आणि त्यासाठी हेबियस कॉर्पस. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात अर्ज, फी फक्त ५ डॉलर. आतल्या माणसाला सही करणं शक्य नसेल तर बायको, भाऊ, जवळचं कुणीही त्याच्या वतीने करू शकतं. यात पैसे मिळत नाहीत, फक्त एकच प्रश्न विचारला जातो की याला कोणत्या अधिकाराने धरून ठेवलंय ते दाखवा.

पण अर्ज कुठे करायचा हे फार महत्त्वाचं, कारण अर्ज करतेवेळी माणूस ज्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे तिथलंच कोर्ट साधारण तो ऐकतं, आणि आईस माणसाला रातोरात न्यू जर्सीतून लुइझियाना नाहीतर टेक्ससला हलवतं. एकदा योग्य कोर्टात अर्ज पडला की नंतर हलवलं तरी ते कोर्ट केस सोडत नाही, हे १९४४ पासून ठरलेलं आहे. जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीतले भारतीय संशोधक बदर खान सुरी यांना १७ मार्च २०२५ ला व्हर्जिनियात घराबाहेर धरलं आणि पटापट हलवत टेक्ससला नेलं. वकिलांनी व्हर्जिनियात अर्ज केला होता, सरकार म्हणत होतं की केस टेक्ससला चालवा, जज पॅट्रिशिया जाइल्स यांनी ती व्हर्जिनियातच ठेवली आणि १४ मे ला ते सुटले. तेव्हा घरच्यांनी पहिल्या तासातच वकिलाला फोन करायचा, "उद्या बघू" करायचं नाही.

माणूस कुठे आहे ते आईसच्या ऑनलाइन लोकेटरवर बघतात. ए-नंबर (इमिग्रेशन खातं प्रत्येकाला देतं तो नंबर) आणि जन्मदेश टाकला तर पटकन सापडतो. ए-नंबर नसेल तर नाव टाकायचं आणि इथे आपल्या नावांचा घोळ होतो, कारण लोकेटरला नाव तंतोतंत लागतं. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ते कधी पहिल्या नावाला जोडलेलं असतं, कधी आडनावाच्या जागी पडलेलं असतं, काहींच्या व्हिसावर तर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापलेलं असतं. जेवढ्या जोड्या होतील तेवढ्या टाकून बघा. प्रत्येक वेळी लोकेटरचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, कोणत्या दिवशी कुठे ठेवलं होतं याचा तो पुढे पुरावा होतो.

भारतीय कॉन्सुलेटला कळवा. व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे परदेशी माणसाला अटक झाली की त्याला कॉन्सुलेटशी बोलायचा हक्क आहे आणि तो हक्क आहे हे त्याला सांगायलाही लागतं. सांगितलं नसेल तर तेही लिहून ठेवा.

आतल्या माणसाला निरोप एकच द्यायचा, न वाचता सही करू नको. आणि हे आपल्या आईवडिलांसाठी खास लिहितेय, ग्रीन कार्ड आहे पण वर्षातले सात-आठ महिने पुण्यात नाहीतर नाशिकला असतात, एअरपोर्टवर त्यांना आतल्या खोलीत बसवून आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला जातो. त्याचा अर्थ "मी माझ्या खुशीने ग्रीन कार्ड सोडतोय". सही करायची सक्ती नाही, इमिग्रेशन जजपुढे जाण्याचा हक्क आहे. आठ-दहा तास बसवून, औषधं न देता, बीपीच्या माणसाकडून सही घेतली असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर तीही या लेखाचीच गोष्ट आहे.

सुटल्यावर पहिले पंधरा दिवस

या पंधरा दिवसांवर सगळं असतं, खरंच सांगते. गॅस स्टेशन, ग्रोसरी स्टोअर, अपार्टमेंटची लॉबी, समोरच्यांच्या दारावरचा कॅमेरा, सगळ्यांची रेकॉर्डिंग काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत आपोआप पुसली जातात. स्वतः जा, हात जोडून मागा, मालक गुजराती असेल नाहीतर पंजाबी असेल, बहुतेक जण देतात. देत नसेल तर वकिलाकडून पत्र पाठवा की हे फुटेज जपून ठेवा, केस होणार आहे. तसंच पत्र आईसला किंवा सीबीपीला (एअरपोर्ट आणि बॉर्डर सांभाळणारं खातं), जेलला, पोलिसांना, बॉडी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि रेडिओवरचं बोलणं जपा म्हणून.

डॉक्टरकडे जा. दुखतंय की नाही हे बघत बसू नका, जा. बेड्यांचे वळ असतील तर फोटो काढा, रोज एक, शेजारी फूटपट्टी ठेवून. झोप लागत नाही, दाराची बेल वाजली की धडकी भरते, हेही डॉक्टरला सांगा. आपल्याकडे हे सांगायची लाज वाटते, पण मानसिक त्रासाची भरपाई मागायची तर कुठेतरी कागदावर तो आलेला पाहिजे.

मग बसून सगळं लिहून काढा. मराठीत लिहा, जसं आठवतं तसं, वकील भाषांतर करून घेतील. किती जण होते, तोंड झाकलेलं होतं का, जॅकेटवर काय लिहिलं होतं, गाडीचा रंग, नंबर प्लेट कोणत्या राज्याची. आम्ही इमिग्रेशन ऑफिसर आहोत आणि तुला या कारणासाठी अटक करतोय असं सांगितलं का, कारण त्यांच्याच नियमात आहे की सुरक्षित असेल तितक्या लवकर हे सांगायचं. कागद दाखवला का? दाखवला तर त्यावर जजची सही होती की आय-२०० किंवा आय-२०५ नंबरचा आईसचाच कागद होता? हा फरक मोठा आहे. आईसच्या स्वतःच्या वॉरंटवर, जजची सही नसताना आणि तुम्ही हो म्हटलेलं नसताना घरात घुसले असतील तर तुमच्या दाव्यात दम आहे. रस्त्यावर विनावॉरंट धरलं असेल तर कायदा म्हणतो की हा बेकायदा राहतोय असं वाटायला कारण पाहिजे आणि वॉरंट आणेपर्यंत तो पळून जाईल असंही वाटायला पाहिजे, दोन्ही. इथे दहा वर्षं राहिलेला, घर असलेला, मुलं शाळेत असलेला माणूस पळून जाईल असं कशावरून वाटलं, हा प्रश्न वकील विचारतात.

तारखा अमेरिकन पद्धतीने लिहा, किंवा महिन्याचं नाव अक्षरी लिहा. ३/७ म्हणजे आपल्याला तीन जुलै आणि इथे सात मार्च, एका फाइलमध्ये हा गोंधळ निस्तरायला मला दोन दिवस लागले होते.

भाषेवरून अडवलं असेल तर ऑफिसरचे नेमके शब्द लिहा. २०१८ मध्ये माँटाना राज्यातल्या हॅव्हर गावात दोन बायका दुकानाच्या रांगेत स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, दोघीही अमेरिकन नागरिक. बॉर्डर पेट्रोलच्या एजंटने आयडी मागितलं, त्यातल्या एकीने फोनवर शूटिंग चालू करून विचारलं की का, तर तो म्हणाला तुम्ही स्पॅनिश बोलताय म्हणून. त्या व्हिडिओवर केस उभी राहिली आणि २०२० मध्ये तडजोड झाली. आपणही कॉस्टकोच्या रांगेत मराठीतच बोलतो ना. फक्त आता एक गोष्ट बदललीय, सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने लॉस एंजेलिसच्या जजने घातलेली बंदी उठवली, ती बंदी अशी होती की केवळ वंश, भाषा, जागा आणि कामाचा प्रकार बघून कुणाला अडवू नका. तो अंतिम निकाल नाही आणि त्या आदेशाने भरपाईचे दावे बंद झालेले नाहीत, पण "माझ्या रंगावरून अडवलं" एवढ्यावर न थांबता पुढे काय काय केलं ते सगळं लिहिणं आता आणखी गरजेचं झालंय.

त्यांच्याकडचे कागद मागवा

माहिती अधिकाराचा अर्ज जसा आपल्याकडे असतो तसा इथे फोया. आईस, सीबीपी आणि यूएससीआयएस (ग्रीन कार्ड वगैरेचे अर्ज बघणारं खातं), तिघांकडे वेगवेगळा टाका, ऑनलाइन होतो. तुमची ए-फाइल (इमिग्रेशनकडची तुमची सगळी फाइल), अटकेचा आय-२१३ रिपोर्ट, डिटेनर (याला धरून ठेवा असं आईसने जेलला पाठवलेला कागद), डिटेन्शनमधली मेडिकल फाइल, एका जागेहून दुसरीकडे नेल्याची नोंद, व्हिडिओ, सगळं नाव घेऊन मागा. कायद्यात २० कामाचे दिवस आहेत, प्रत्यक्षात महिनोन्महिने लागतात, तेव्हा हे कागद येईपर्यंत दावा थांबवू नका. आय-२१३ आला की ओळ न ओळ वाचा, "संमतीने बोलणं झालं" असं त्यात बरेचदा लिहिलेलं असतं आणि तुमच्या व्हिडिओत चार जण घेरून उभे दिसत असतात.

ही तिन्ही ज्याच्या हाताखाली येतात त्या डीएचएसच्या (होमलँड सिक्युरिटी खात्याच्या) सिव्हिल राइट्स ऑफिसलाही तक्रार करता येते. मार्च २०२५ मध्ये तिथला बहुतेक स्टाफ काढून टाकला, म्हणून त्यातून लवकर काही होईल असं धरून चालू नका, पण तक्रार केल्याची तारीख कागदावर राहते. मात्र या तक्रारीने दाव्याची मुदत थांबत नाही, हे नीट लक्षात ठेवा, दोन जणांना मी यात फसलेलं पाहिलंय.

एसएफ-९५, हा फॉर्म म्हणजे सगळं

एफटीसीएखाली सरळ कोर्टात जाता येत नाही. आधी त्या खात्याकडे क्लेम द्यायचा, तो एसएफ-९५ नावाच्या फॉर्मवर, दोन पानांचा. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. चुकीच्या अटकेत ही दोन वर्षं सुटकेपासून मोजत नाहीत, जजपुढे उभं केलं की घड्याळ सुरू झालं असं कोर्ट धरतं, वॉटसनचं तिथेच गेलं. तुम्ही अटकेच्या दिवसापासूनच मोजा म्हणजे चूक होणार नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की फारच अपवादात्मक कारण असेल तर ही मुदत वाढू शकते, ती केससुद्धा इमिग्रेशनवाल्यांनी पोर्टलँडला पाच दिवस डांबलेल्या हाँगकाँगच्या एका धर्मगुरू बाईंचीच होती. पण ते शेवटचं औषध झालं.

टपालात टाकलं म्हणजे दिलं असं होत नाही, त्यांच्या हातात पडलं ती तारीख धरतात. आणि योग्य खात्याच्या हातात. आईसने धरलं असेल तर आईसच्या प्रिन्सिपल लीगल ॲडव्हायझरचं ऑफिस, एअरपोर्ट किंवा बॉर्डर पेट्रोल असेल तर सीबीपीचं चीफ काउन्सेल ऑफिस. चुकीच्या ऑफिसला गेलं तर त्यांनी पुढे पाठवायचं असतं, पण तारीख मात्र योग्य ऑफिसला पोचल्याचीच लागते. तोंड झाकून आलेले नक्की कोण होते हे कळलंच नसेल तर दोन्हीकडे पाठवा, एफबीआय वगैरे बरोबर होते असं दिसलं तर तिकडेही. सर्टिफाइड मेलने पाठवा, पोचपावती स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा.

फॉर्ममध्ये आकडा लिहावाच लागतो. "योग्य ती भरपाई" असं लिहिलं तर तो क्लेमच धरत नाहीत. आणि जो आकडा लिहाल त्यापेक्षा जास्त नंतर कोर्टात मागता येत नाही, मधे काही नवीनच कळलं तर गोष्ट वेगळी. त्यामुळे कमी लिहू नका. आपली माणसं इथे संकोच करतात, मला एकांनी सांगितलं होतं की "बुडालेल्या पगाराचे चार हजार लिहा, बाकी देवाची कृपा". अहो, बुडालेला पगार, गेलेली नोकरी, हेबियसच्या वकिलाची फी, डॉक्टरचा खर्च, पुढच्या वर्षाच्या थेरपीचा खर्च, घरच्यांनी विमानाने टेक्ससला केलेल्या फेऱ्या, आणि ज्या रात्री आत काढल्या त्या प्रत्येक रात्रीचं काहीतरी मोल आहे की नाही? कोलंबिया युनिव्हर्सिटीचे महमूद खलील यांनी जुलै २०२५ मध्ये २ कोटी डॉलरचा क्लेम टाकला. तुमचा आकडा वकिलाशी बोलून ठरवा, पण हिशोबाचा कागद जोडून.

बायकोला वेगळा त्रास झाला असेल, मुलांसमोर बापाला पाडलं असेल, तर त्यांचा वेगवेगळा फॉर्म. एकाच फॉर्मवर सगळं कुटुंब घातलं की गोंधळ होतो.

हकीकत लिहिताना जिथे घटना घडली त्या राज्याचा कायदा लागतो हे ध्यानात ठेवून प्रत्येक गोष्टीचं नाव घ्या, मारहाण, खोटी अटक, बेकायदा डांबणं, निष्काळजीपणा, मुद्दाम मानसिक छळ. घटनेतली कलमं मोडली म्हणून एफटीसीएत पैसे मिळत नाहीत, राज्याच्या कायद्याप्रमाणे चूक आणि नुकसान दाखवावं लागतं. तरी चौथ्या (बेकायदा झडती-अटकेविरुद्धच्या) आणि पाचव्या (कायदेशीर प्रक्रियेचा हक्क देणाऱ्या) घटनादुरुस्तीचा उल्लेख करा, कारण सरकारचा नेहमीचा बचाव असतो की हा आमच्या ऑफिसरच्या विवेकाधीन निर्णयाचा भाग होता. घटना मोडणं हा कुणाचा विवेक असू शकत नाही असं बऱ्याच अपील कोर्टांनी मानलंय. जून २०२५ मध्ये मार्टिन केसमध्ये (एफबीआयने अटलांटात चुकीच्या घरात घुसून कुटुंबाला धरलं होतं) सुप्रीम कोर्टाने सरकारचा एक बचाव काढून टाकला पण हा विवेकाधीन निर्णयाचा बचाव ठेवला, म्हणून त्यावर पहिल्यापासून तयारी हवी.

एक वाईट गोष्ट सांगायलाच हवी. आत घेताना काढून घेतलेला फोन, मंगळसूत्र, पैसे परत मिळाले नाहीत तर त्याचा दावा एफटीसीएतून सहसा बाहेर फेकला जातो, जप्त केलेल्या वस्तूंसाठी कायद्यात अपवाद आहे आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ फार रुंद लावला. म्हणून आत जाताना सामानाची पावती मागा, सुटताना ती दाखवून तिथल्या तिथे मागून घ्या.

क्लेम दिल्यावर खात्याला सहा महिने. नाही म्हणाले तर नकाराचं पत्र त्यांनी पाठवल्या तारखेपासून सहा महिन्यांत कोर्टात जायचं, हे पत्र रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड मेलने येतं तेव्हा पत्ता बदलला तर कळवत राहा. सहा महिने काहीच उत्तर नाही तर त्यालाच नकार समजून कोर्टात जाता येतं.

काउंटी जेल किंवा प्रायव्हेट कंपनी असेल तर

पोलिसांनी ट्रॅफिकसाठी धरलं, बॉण्ड भरला, सुटायला पाहिजे होतं आणि आईसच्या डिटेनरवर जेलने थांबवून ठेवलं, हा प्रकार फार चालतो. डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही, हे फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने २०१४ मध्ये गलार्झा केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि डिटेनरच्या फॉर्मवरच ४८ तासांची मर्यादा लिहिलेली असते. जेलने जास्त ठेवलं तर १८७१ चा कायदा, ज्याला सेक्शन १९८३ म्हणतात, त्याखाली त्या काउंटीवर आणि पोलिसांवर दावा होतो. यात ज्युरी मिळते, जिंकलात तर वकिलाची फी समोरच्याकडून मिळते, आणि आकडेही मोठे झालेत, लॉस एंजेलिस काउंटीने २०२० मध्ये डिटेनरवर ठेवलेल्या लोकांसाठी १ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली.

मुदत मात्र राज्याप्रमाणे, न्यू जर्सी, टेक्सस, इलिनॉय, कॅलिफोर्नियात दोन वर्षं, न्यूयॉर्कमध्ये तीन. पण राज्याच्या कायद्याचेही दावे जोडायचे असतील तर आधी नोटीस द्यावी लागते, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये ९० दिवसांत, कॅलिफोर्नियात सहा महिन्यांत. ९० दिवस म्हणजे गणपती ते दिवाळी आणि वर एक महिना, इतकं पटकन जातं ते.

डिटेन्शन सेंटर जिओ ग्रुप किंवा कोअरसिव्हिकसारखी कंपनी चालवत असेल आणि औषध दिलं नाही, पडल्यावर दवाखान्यात नेलं नाही असं असेल तर सरकार म्हणतं की ते कंत्राटदार, आमची माणसं नाहीत. मग कंपनीवर राज्याच्या कायद्याखाली निष्काळजीपणाचा वेगळा दावा. दोन्ही एकदम चालवता येतात.

कोर्टात गेल्यावर

फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाची फी ४०५ डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. प्रतिवादी एकच, युनायटेड स्टेट्स. आईसचं नाव घातलं तर ते काढून टाकतात. ज्युरी नसते, जज ठरवतात, आणि शिक्षा म्हणून जादा पैसे मिळत नाहीत. सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस, मग दावा फेटाळा म्हणून त्यांचा अर्ज येतो, तो बहुतेक येतोच, तेव्हा घाबरू नका. एक-दीड वर्ष, कधी तीन-चारही लागतात. डिपोर्ट करायचा निर्णय किंवा त्याची अंमलबजावणी यावरच दावा असेल तर कायद्यातलं एक कलम कोर्टाचा हात अडवतं, म्हणून वकील दाव्याची मांडणी अटक कशी केली, कसं वागवलं, कुठे ठेवलं याभोवती करतात.

वकिलाची फी इथे कायद्याने बांधलेली आहे. क्लेमच्या पातळीवर तडजोड झाली तर मिळालेल्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कोर्टात गेल्यावर २५ टक्क्यांपर्यंत. कुणी ४० टक्के मागत असेल तर उठून दुसरीकडे जा. तुमचा नेहमीचा एच-वनबीवाला वकील हे काम करत असेलच असं नाही, सिव्हिल राइट्सवाला शोधा, एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या राज्य शाखेला आणि जवळच्या लॉ स्कूलच्या इमिग्रेशन क्लिनिकला विचारा, तिथे फुकटही घेतात.

स्टेटसची भीती

दावा लावला म्हणून व्हिसा मिळत नाही आणि डिपोर्टेशन थांबत नाही. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनाही दावा लावता येतो, घटनेचं संरक्षण "व्यक्ती"ला आहे. पण तुम्ही शपथेवर बोलणार, समोरचा वकील प्रश्न विचारणार, तेव्हा इमिग्रेशनचा वकील आणि दाव्याचा वकील या दोघांनी एकमेकांशी बोललेलं पाहिजे, नाहीतर एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं होऊन बसतं. मी सिटिझन आहे असं खोटं कधीच, कुठेच म्हणायचं नाही, त्याने पुढची सगळी दारं बंद होतात. घाबरून घरातच बसावंसं वाटतं हे मला कळतं, रोज ऐकते मी ते, पण क्लेम न टाकल्याने कुणी सुरक्षित झालंय असं मी अजून पाहिलेलं नाही.

भारतात परत पाठवलं असेल तर

५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकन लष्करी विमान उतरलं, १०४ भारतीय, त्यात महाराष्ट्रातले तीन जण होते, बेड्या घातलेले. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की परत आल्यावर काय करणार. दावा परत आल्यावरही लावता येतो. जे अमेरिकेत घडलं, अटक, जेल, मारहाण, त्याचा एसएफ-९५ सांगलीहूनही पाठवता येतो, मुदत तीच दोन वर्षं. अमेरिकेबाहेर जे घडलं त्यासाठी एफटीसीए लागू होत नाही. तुम्ही अमेरिकेत राहत नसाल तर केस जिथे घटना घडली त्या डिस्ट्रिक्टमध्ये चालते आणि जबानी बरेचदा व्हिडिओवर होऊ शकते.

निवेदनासाठी नोटरी शोधत तहसीलला फिरायची गरज नाही. अमेरिकन कायद्यात सोय आहे की परदेशातल्या माणसाने साध्या कागदावर, शेवटी "अंडर पेनल्टी ऑफ पर्जरी अंडर द लॉज ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका" हे शब्द इंग्रजीत घालून, तारीख टाकून सही केली की ते शपथपत्रासारखं चालतं. परदेशातून सही करताना त्यातले "युनायटेड स्टेट्स"च्या कायद्याचे शब्द राहिले तर निवेदन अडकू शकतं, म्हणून ते तपासूनच पाठवा. निवेदन मराठीत असेल तर मराठी मूळ आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही, आणि भाषांतर करणाऱ्याचं एक ओळीचं सर्टिफिकेट की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे. भाषांतर घरातल्या मुलाकडून करून घेऊ नका, बाहेरच्या कुणाकडून घ्या. वकिलाला सही केलेला मूळ कागद कुरिअरने आणि स्कॅन ईमेलने त्याच दिवशी पाठवा, पाकिटावरचा पावती नंबर फोटो काढून ठेवा.